हात दुखतो म्हणून सांगितलं

माझ्या डाव्या हातात काहीही बिघाड नाही. मनगट, कोपर, खांदा, सगळं ठणठणीत आहे. सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय आणि पुरावा म्हणून हाताचा मोठा काळा फोटोही दिलाय. तो मी अजून ट्रंकेत जपून ठेवलाय. आजार माझ्या छातीला होता.

छातीच्या आजारासाठी हाताचा फोटो काढणारी बाई अख्ख्या सुरतेत मी एकटीच, असं मला बरेच दिवस वाटायचं. पुढे वॉर्डात बाकीच्या बायांशी बोलले तेव्हा कळलं की कुणी पाठ दुखते म्हणून गेली होती, कुणी अशक्तपणाच्या गोळ्या खात होती, आणि एकीने तर सहा महिने दर शनिवारी दृष्ट काढून घेतली होती. म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं आहे, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नका.

दोन शब्द

आम्ही खानदेशातले. सुरतेत लिंबायतला दोन खोल्यांत दोन भावांचं कुटुंब राहायचं. आमचे हे खात्यात, म्हणजे लूम चालतात त्या शेडमध्ये, बारा तासांची पाळी करायचे. माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी पंचवीस वर्षं लूम चालवले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. मग शेठने त्यांना रात्रपाळीचा वॉचमन केलं. ऐकू न येणारा वॉचमन कशाला ठेवला म्हणून लोक हसायचे. शेठ म्हणायचा, चोराला कुठे माहीत आहे?

नानांची बायको म्हणजे माझी जेठाणी, आक्का. ती आणि मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचो. दिवसाला साड्यांचा ढीग संपायचा आणि त्याबरोबर निम्म्या गल्लीची अब्रूही.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला. जेठासमोर डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर परक्याशीही नाही. काही सांगायचं असेल तर आक्काला सांगायचं, आक्का नानांच्या कानाशी ओरडून सांगणार. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. नानांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत हे कसं जमवलं ते मलाही आता सांगता येत नाही.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षीची गोष्ट. अर्धं लिंबायत मिळेल त्या गाडीने गावाला पळालं, त्यात आम्हीही होतो. महिन्याभराने परत आलो, दिवाळी झाली, आणि मोरीत आंघोळ करताना डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, मला गाठ लागली. सुपारीएवढी होती. दुखत नव्हती. मी साबण ठेवला, पुन्हा चाचपून पाहिलं.

सांगायचं कुणाला? प्लेगने गल्लीतल्या सगळ्यांना एवढं पक्कं शिकवलं होतं की काखेत गाठ आली की माणूस गेला. मी नळावर नुसतं "गाठ" म्हटलं असतं तर बादल्या तिथेच टाकून अख्खी गल्ली स्टेशनकडे पळाली असती, आणि आमची खोली पालिकेच्या पांढऱ्या पावडरीने भरून गेली असती. ह्यांना सांगितलं तर ह्यांचं आधीच ठरलेलं, "खाडा कया तं शेठ दुसराले उभा करी." म्हणजे दवाखान्यात न्यायला दिवसा मोकळं पुरुषमाणूस एकच, नाना. आणि त्यांच्यापुढे, आक्काच्या मार्फत का होईना, "छाती" हा शब्द न्यायचा म्हणजे मरणच.

असे दोन शब्द बाद झाले. छाती नको, गाठ नको. उरलं काय? महिनाभर विचार करून मी आक्काला म्हटलं, माझा हात दुखतो.

हाडांचा डॉक्टर

आक्काने नानांच्या कानात सांगितलं, "हात दुखस तिना!" गल्लीच्या टोकापर्यंत गेलं ते. हातच तो, कुणाला काय त्याचं?

दवाखान्यात नाना पुढे, मी चार पावलं मागे; आक्का धागे कापायला घरी. त्यांनी खिडकीवर आपला स्वतःचा हात वर करून दाखवला, खिडकीवाल्याने आम्हाला हाडांच्या रांगेत लावलं. दोन तासांनी आत गेलो. तरुण डॉक्टर होता. त्याने मला विचारलं, कुठे दुखतं? समोर जेठ उभे, मी कशी बोलणार? त्याने नानांना विचारलं. नानांना ऐकू आलं नाही, पण मान हलवावी म्हणून त्यांनी हलवली. डॉक्टरने पुन्हा मला विचारलं. मी पदर आणखी खाली ओढला. शेवटी तो बिचारा नर्सला म्हणाला, "एक गूंगी, एक बहरा, भेजा किसने इनको?"

त्याने माझा हात वर करून पाहिला, तो सरळ गेला. मागे नेला, तोही गेला. मनात म्हणत होते, बाबा, जरा चार बोटं इकडे सरकव. पण तो हाडांचा डॉक्टर, सज्जन माणूस, हात सोडून इकडेतिकडे गेला नाही. फोटो काढला, "नॉर्मल" लिहिलं आणि चोळायचा मलम दिला.

मग रोज सकाळी आक्का माझा ठणठणीत हात चोळायला लागली. हौसेने चोळायची. चोळता चोळता सगळ्या गल्लीच्या सुनांची हजेरी घ्यायची. मला हसूही यायचं आणि रडूही यायचं. असे तीन आठवडे गेले. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली. त्या तीन आठवड्यांचा मला आजही राग येतो, आणि तो माझाच येतो.

एक दिवस आक्का बोलण्याच्या भरात खांद्यावरून खाली गेली. तिचा हात थांबला, तोंडही थांबलं. आक्काचं तोंड मध्येच थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आठे काय शे?" तिने विचारलं.

मी तिचा हात तिथेच धरून ठेवला.

"कधीपासून शे?"

"दिवाळीपासून."

"आनि मी येडी तुन्हा हात चोळी राहिनू!" आक्काने मलमाची डबी भिंतीवर मारली. मग माझं डोकं छातीशी घेऊन मोठ्याने रडायला लागली. मी तिला समजावत बसले.

पण आक्काच ती. नवऱ्याला सांगायची पाळी आली तेव्हा तिचीही जीभ अडखळली. बराच वेळ पदराचं टोक चावून तिने नानांच्या कानात ओरडून सांगितलं, "हात नही, हातना शेजारी दुखस तिले!"

ज्या दिवशी कळलं

ह्या खेपेला बाईडॉक्टर मिळाल्या. पन्नाशीच्या, गुजराती, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांनी पडद्याआड तपासलं, सुई घातली, आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी "घरचं माणूस" आत बोलावलं म्हणून नाना आले. आक्का दवाखान्याच्या वासाने चक्कर येते म्हणून बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "इनकी छाती में कॅन्सर की गाँठ है." नानांनी कानाला हात लावला. बाई जरा मोठ्याने म्हणाल्या. नाना पुढे वाकले. मग बाईंनी असा आवाज लावला की बाहेरच्या रांगेतली पोरं रडायची थांबली. नानांना ऐकू आलं. बाहेरच्या पन्नास माणसांनाही ऐकू आलं. नाना वर पंख्याकडे पाहायला लागले, आणि पंखा बंद होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "बेन, आटला दिवस शुं कर्युं?" इतके दिवस काय केलंत?

मी काय सांगणार? हाताचा फोटो काढला म्हणून?

नानांचे ओठ हलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, पण तेव्हा तो अगदी बारीक निघाला. "जीव वाची का?" त्यांनी विचारलं. बाईंना अहिराणी कुठली कळायला? त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. खोलीत चौथं कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांत मी नानांसमोर तोंड उघडलं नव्हतं ते उघडलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "ये पूछ रहे हैं, मैं बचूँगी क्या?"

बाईंनी चष्मा काढला. खोटा धीर दिला नाही, ह्याचे मी त्यांचे उपकार मानते. त्या म्हणाल्या, ह्यात दोन गोष्टी असतात. एक गाठीचा स्वभाव. काही गाठी सुस्त, काही तापट, काखेत किती पसरल्या ते बघावं लागतं, ते ना तुझ्या हातात ना माझ्या. दुसरी गोष्ट बाईची: ती किती दिवस गप्प बसते, घरचं कुणी तिला घेऊन येतं का, आणि इलाज अर्ध्यावर सोडते की पुरा करते. पहिलीचं मी काही सांगू शकत नाही, दुसरीचं तू सांग.

बाहेर आलो. आक्का बाकावरच झोपली होती. नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पदराकडे पाहिलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं जुळवून फटकन वेगळी केली.

ही खात्यातली खूण. लूम चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हातांनी बोलतात. करंगळी हलवली की सुताची कांडी संपली. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. दोन बोटं वेगळी केली की धागा तुटला. मला ह्या सगळ्या खुणा येतात, कारण लग्नानंतर सहा वर्षं मी खात्यात डबा पोचवला आणि आमचे हे घरी आल्यावर मीठसुद्धा खुणेनेच मागतात.

मी पदरातून हात बाहेर काढला आणि अंगठा बोटावर फिरवला. जोडून घेऊ, असा त्याचा अर्थ.

नानांनी मान हलवली. तेवढ्यात आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोललो. आणि रीतही मोडली नव्हती. रीत जिभेची होती, हातांबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

वॉर्ड

ऑपरेशनमध्ये डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात तिकडेच गेला. पट्टीखाली सपाट. मी रडले. मग आक्का म्हणाली, आता पोलक्याला कापड कमी लागेल, आणि मला हसू आलं, आणि हसल्यावर टाके ओढले म्हणून मी तिला शिवी दिली. जेठाणीला दिलेली ती पहिली शिवी. तिने ती गल्लीत कौतुकाने सांगितली. ऑपरेशन मात्र हाताचं, असंच सांगितलं.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना यायला बंदी. नाना रात्रपाळी करून सकाळी थेट यायचे आणि व्हरांड्यातल्या जाळीपाशी उभे राहायचे. तिथून खुणा. मी करंगळी हलवली की सलाईनची बाटली संपली, नाना जाऊन नर्सला गाठायचे. मोठ्या सिस्टर येताना दिसल्या की नाना पोटावरून हात फिरवायचे आणि सगळा वॉर्ड लपवलेले डबे गादीखाली सारायचा. सिस्टरना आठ दिवस कळलं नाही की आपण आल्यावर हा म्हातारा रोज पोट का चोळतो. त्यांनी एकदा त्याला पोटदुखीच्या गोळ्याही दिल्या.

शेजारच्या खाटेवर हंसाबेन होत्या. बारडोलीकडच्या शाळेत शिक्षिका. त्यांना गाठ लागली त्याच्या पाचव्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. पुस्तकं वाचलेली, लाज नाही, भीती नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी केलेल्या चुका त्या लाल पेनाने दुरुस्त करायच्या. मला म्हणायच्या, "विमलबेन, तुमने तो गधे जैसा काम किया." मी म्हणायचे, हो. शेठ आल्याची खूण वॉर्डात सगळ्यांच्या आधी त्यांनीच उचलली.

त्यांची गाठ तापट निघाली. पावसाळ्याआधीच त्या गेल्या. सगळं वेळेवर केलं होतं त्यांनी, आणि सगळं उशिरा करणारी मी इथे बसून लिहितेय. ह्याचा हिशेब मला लागत नाही, आणि लावायचाही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्याच, दोन गोष्टी असतात म्हणून. त्यातली माझ्या हातातली होती तेवढीच मी तुम्हाला सांगू शकते.

आखाजी

ऑपरेशननंतर दर तीन आठवड्यांनी शिरेतून लाल औषध, अशा सहा खेपा सांगितल्या होत्या. त्या औषधाबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की दुसऱ्या खेपेनंतर मला फोडणीच्या वासाने उलटी व्हायची, गल्लीत ऐंशी घरं होती, आणि सगळ्यांकडे एकाच वेळी फोडणी पडायची.

केस गेले. उशीवर, कंगव्यात, आक्काच्या वरणातसुद्धा. पण एकोणीस वर्षं ज्या पदराला मनातून शिव्या घातल्या, तो तेव्हा कामाला आला. गल्लीत कुणालाही कळलं नाही. उलट, आजारपणातही काय मर्यादा पाळते, असं एका म्हातारीने माझं कौतुक केलं.

तिसरी खेप झाली आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशच्या बाईला आखाजीचं काय असतं ते खानदेशच्या बाईलाच कळतं. माहेरी जायचं, झाडाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची. भावाचं पत्र आलं होतं. मला वाटलं, गाठ काढली, तीन खेपा झाल्या, पुरे झालं. आंब्याखाली पंधरा दिवस पडून राहिले तर औषधापेक्षा जास्त गुण येईल. चौथी खेप चुकली तर चुकली. ह्यांना विचारलं, हे म्हणाले, "जाय, तुले बरं वाटी." माझ्या उलट्या पाहून तेही दमले होते. बरं वाटावं म्हणूनच म्हणाले ते.

मी पिशवी भरून दारात आले तर नाना ओट्यावर बसलेले. त्यांना आक्काने सांगितलं असणार. त्यांनी हात वर केला आणि खूण करायला लागले: बीम, म्हणजे लूमवरचा सुताचा मोठा रूळ, अजून संपला नाही, काम चालू ठेव.

मला ते पाहायचं नव्हतं. मी पदर पुढे ओढला, इतका की मला फक्त माझे पाय दिसत होते. खुणा करा म्हटलं किती करायच्या त्या. आणि पायरी उतरायला लागले.

मागून आवाज आला. पंचवीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाचा आवाज, त्याला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही.

"विमल!"

मी जागीच थांबले. ह्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"छातीनं दुखनं शे ते! इलाज अर्धा सोडू नको! गाठ परत यी! तू मरी जाशी!"

नळावरच्या बायांच्या बादल्या भरून वाहायला लागल्या. समोरच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला. माझे दोन्ही बाद केलेले शब्द, एका दमात, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रागाने वळले, पदर मागे सरकला, आणि गल्लीने माझं टक्कल पाहिलं. नानांनीही पाहिलं. एकोणीस वर्षांनी त्यांना माझं तोंड दिसलं ते असं.

ते रडत होते. एवढा मोठा माणूस, ओट्यावर बसून, गल्लीसमोर.

मी पिशवी खाली ठेवली. आखाजीला गेले नाही. चौथी खेप घेतली, पाचवी घेतली, सहावीला तर डॉक्टरबाईंना पेढे नेले. आणि हो, गल्ली स्टेशनकडे पळाली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून एकेक बाई साडीचे धागे कापायच्या निमित्ताने येऊन बसायला लागली आणि हळूच विचारायला लागली, कशी लागते गं हाताला?

आक्का

ह्याला चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी तपासायला जाते. मी आत असते, नाना दारात उभे. बाहेर येताना मी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पुढे सरकवते, म्हणजे ताका पास, विणलेल्या कापडात खोट नाही. ते मान हलवतात आणि चहा प्यायला जातात. बोलणं त्या दिवसानंतर पुन्हा बंद झालं. रीत ती रीत. पदर मात्र आता कपाळाच्या वर थांबतो.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी आणि आक्का साड्या घेऊन बसलो होतो. आक्का बराच वेळ कुणाचीच निंदा करत नव्हती. कात्री नुसती हातात धरून होती. मग खाली मान घालून म्हणाली, "विमल, मन्हा हात दुखस वं."

मी तिच्याकडे पाहिलं. कुठला हात ते विचारलं नाही. साड्या बाजूला केल्या आणि पायात चप्पल घातली.

खिडकीवर नवा माणूस होता. मान वर न करता त्याने विचारलं, "क्या तकलीफ है?"

"हात..." आक्का म्हणाली.

"छाती में गाँठ है इनको," मी मोठ्याने म्हणाले. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

आक्काने मला चिमटा काढला. "हळू बोल वं, लोकं ऐकतीन!"

"ऐकू दे," मी म्हणाले, आणि पुन्हा एकदा सांगितलं.